दोन महिन्यांची गोळी

२ डिसेंबर, मंगळवार

मेघे, ही वही तुझ्यासाठी आहे, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर चार पानं वाचून झाल्यावर तू विचारशील, ही कोणाची वही आली घरी. तुझा काही भरवसा नाही. दिवाळीला माहेरी आलीस तेव्हा छत्री विसरलीस, चष्म्याचं घर विसरलीस, आणि डबा तर दर खेपेला विसरतेस. आता फळीवर तुझे तीन डबे झालेत. नागपूरला परत जाताना पोरं मोजून नेतेस, हेच माझं नशीब.

लिहिते आहे भावना. मला अक्षर येत नाही, एवढं तरी आठवत असेल. आधी स्वीटीला बसवलं होतं, पण नातीनं दुसऱ्या ओळीला पेन टाकला. "आजी, तू लय फास्ट बोलून राह्यली, माह्या हात दुखते." म्हणून तिच्या आईला धरलं. भावना माझं बोलणं धुऊन-पिळून वाळत घालते. मी 'काऊन' म्हटलं की ती 'का' लिहिते. म्हटलं, माझं धू बाई, पण लोक काय बोलले ते जसंच्या तसं लिही. आणि तिच्याबद्दल मी जे सांगेन तेही तिलाच लिहावं लागणार आहे. एवढं सुख अल्लीपुरात आजवर कोणत्या सासूला मिळालं?

आता कामाचं. काल तुझा एक डबा परत धाडावा म्हणून काढला. डबा रिकामा धाडायचा नसतो, तेव्हा जवसाची चटणी कुटून ठेवली होती. सगळ्यात जुना डबा तो, सहा वर्षांपासून पडलेला. त्यात मी कागद ठेवते. लाईटबिल, रेशनचा कागद, डॉक्टरचा कागद, मला सगळे सारखेच. भावनेनं ते बाहेर काढले आणि तळाचा एक पुन्हा पुन्हा वाचू लागली.

"काय लिवलं आहे वं?"

"आई, हा तुमच्या पोटाच्या गोळीचा कागद आहे. जुना. रोज एक, सकाळी उपाशीपोटी."

"मंग तेच तर करून राह्यली मी."

"खाली लिवलं आहे. आठ आठवडे. मंग बंद. नाई बरं वाटलं तर पुन्हा दाखवा."

मेघे, आठ आठवडे म्हणजे दोन महिने. मी ती गोळी सहा वर्षं खाल्ली. गोळी छातीतली आग दाबायची, पोटातलं आंबट बंद करायची. अंकुश दर महिन्याला रिकामी पट्टी मेडिकलवाल्याच्या तोंडासमोर धरतो आणि तो भरलेली देतो, जसा गॅसचा सिलिंडर. या घरात मुलगा बारावी, सून बी.ए., नात सातवीत, आणि तू तर मोठ्या ऑफिसात बसतेस. डॉक्टरकडे मला तूच नेलं होतंस, कागद तूच घरी आणलास, तुझ्याच डब्यात निघाला. एकानंही तो उलटून पाहिला नाही. मला वाचता येत नाही म्हणून मी तुम्हाला शिकवलं, आणि तुम्ही शिकून काय वाचता, तर मोबाईल.

आजपासून गोळी बंद. सहा वर्षांचा राग एका दिवसात काढते.

५ डिसेंबर, शुक्रवार

गोळी बंद करून चौथा दिवस. छातीत चूल पेटली आहे आणि ती विझवायला सगळं गाव रॉकेल घेऊन येतं आहे.

कांता म्हणाली, थंड दूध घे. शेजारीण म्हणून ऐकलं. घेतलं तेव्हा गार वाटलं, घटकाभरानं दुप्पट आग. किराणावाला म्हणाला, आलं चघळा. आटाचक्कीवाला म्हणाला, आलं बिलकुल नको, लवंग. बडीशेप, जिऱ्याचं पाणी, ओवा, केळं, सगळं झालं. त्यातल्या त्यात पातळ ताक आणि बडीशेप मला मानवते. भावना म्हणते चहा कमी करा. मी दिवसाला एकच चहा घेते. कांताकडचा, देवळापाशी बसते तिथला आणि आटाचक्कीवरचा मोजायचा नसतो. दुसऱ्याच्या घरचा चहा हा मान असतो, खाणं नसतं.

काल मार्गशीर्षाचा गुरुवार, उपास. म्हटलं, पोटाला विसावा. साबुदाण्याची उसळ केली, दाण्याचा कूट आणि हिरवी मिरची घालून, दोनदा घेतली. रात्री आग गळ्यापर्यंत आली. उपासानंसुद्धा जळतं म्हणजे बाधा खाण्याची नाहीच, हे सिद्ध झालं. भावना लिहिता लिहिता हसली. का हसलीस म्हटलं तर सांगत नाही.

आणि आज देवस्थान कमिटीचे वासुदेवराव येऊन माझ्या जळत्या छातीवर मीठ चोळून गेले. शिवारातल्या मारुतीचे रोडगे सतरा जानेवारीला आहेत, पौषातला शेवटचा शनिवार. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे पुरुष भाजतात, पण त्यांच्याबरोबरची वांग्याची भाजी एकतीस वर्षं मी करते. हे तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण तू तू आहेस. वासुदेवराव ओट्यावर बसले, टोपी मांडीवर ठेवली. ते टोपी काढतात तेव्हा काहीतरी वाईट बोलणार असतात.

"वैनी, यंदा तुमी आरामात बसा. हिंगणघाटचा आचारी सांगून देतो."

"काऊन? मी मेली का?"

"तसं नाई वैनी. पण कांताबाईच्या नातवाच्या बारशाले तुमाले छाती धरून खाली बसा लागलं. अर्धी कढई करपली. इथं तर हजार लोकायचं जेवण आहे."

"एकतीस वर्षात एक कढई करपली. तुमच्या भाषणात दर सालचा माईक बंद पडते, मंग माईकवाल्याले काढलं का?"

त्यांनी टोपी घातली. शेवटी ठरलं असं की दहा जानेवारीला ते येऊन पाहतील. तोवर मी बरी नसले तर आचारी.

मेघे, कढई गेली तर माझ्याकडे काय राहतं? टीव्ही. तो तर चोवीस तास स्वीटीचा.

११ डिसेंबर, गुरुवार

तुला फोन करू नका, असं मीच सांगितलं होतं. तू रडतेस आणि मग फोन कुठं ठेवला ते विसरतेस.

परवा सकाळी छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं, घाम आला. त्याआधी कांतानं लिंबाच्या पाण्यात खायचा सोडा घालून दिला होता. एकदा दिला तेव्हा ढेकर अशी आली की ओसरीवरची मांजर पळाली, म्हणून मी दुसऱ्यांदा मागितला. भावनेनं पेला हातातून काढून घेतला. "आई, तुमाले बी.पी. आहे. सोड्यात मीठच असते." मग माझा घाम पाहून तिनं अंकुशला कापसाच्या जिनिंगवरून बोलावलं आणि दोघांनी मला हिंगणघाटला नेलं.

या खेपेला नवीन डॉक्टरीणबाई. एवढीशी पोरगी, वेणी घातलेली. पहिले छातीला वायरी लावून हृदयाची पट्टी काढली. हृदय ठीक आहे म्हणाली. मी म्हटलं, ते तर मला माहीत होतं, बिघाड खालच्या मजल्यावर आहे. ती म्हणाली, "आजी, घाम आला, छाती दाबली, तर घरी ओवा खात बसायचं नाही. आधी इथं यायचं. ते हृदय आहे की पोट, हे तुम्ही ठरवायचं नाही."

मग मी जुना कागद तिच्या टेबलावर आपटला. तिनं वाचला, भुवया वर गेल्या. तुमच्यापैकी कोणाच्या गेल्या नव्हत्या. पण मग ती मलाच बोलली. म्हणे, सहा वर्षं दाबून ठेवलेलं पोट एकदम सोडलं तर ते उसळून येतं, आधीपेक्षा जास्त आंबट करतं. ही गोळी धाडकन बंद करायची नसते, पायरी-पायरीनं उतरायची असते. आता पंधरा दिवस एक दिवसाआड, मग तिला दाखवून पुढचं. जेवण संध्याकाळी सातच्या आत, जेवून तीन तास आडवं व्हायचं नाही. काय खाल्लं आणि कधी जळलं, ते लिहायचं. वही तर आहेच म्हटलं.

"दुखण्याची कोणती गोळी घेता?" तिनं विचारलं.

"नाई," मी म्हटलं.

बसमध्ये मी अंकुशला म्हटलं, सहा वर्षं चुकीनं खायला घातली ती गोळी आता बरोबर म्हणून खा म्हणतात. डॉक्टर लोकांचं बरं असतं, दोन्हीकडून फी.

१५ डिसेंबर, सोमवार

गोळी एक दिवसाआड. जळणं थोडं कमी. हे ताकानं झालं आणि बडीशेपेनं, हे भावनेनं स्पष्ट लिहावं.

घरात मात्र विचित्र गोष्टी होत आहेत. माझ्या खाटेची डोक्याकडची बाजू वर झाली आहे. घराची जमीन खचते आहे असं मी अंकुशला म्हटलं, तो म्हणाला, पाहतो. त्याचं 'पाहतो' म्हणजे तुझं 'पुढच्या खेपेला डबा नेते'. आणि या घरातली घड्याळं पुढं गेलीत. साडेसहाला ताट समोर येतं. आधी आम्ही अंकुशसाठी थांबायचो, तो जिनिंगवरून साडेनऊला येणार, मग जेवण, मग मी लगेच पडायचे. आता अंकुश एकटा जेवतो. बिचारा. आईच्या आजारात मुलाची उपासमार, याची कोणाला काळजी नाही.

शिवाय ठेच्याची बरणी गायब. लाल मिरचीचा ठेचा, भावनेच्या माहेरचा, तिच्या भावानं संक्रांतीपर्यंत पुरेल असा दिला होता. आज कांताकडे गेले तर तीच बरणी तिच्या ओट्यावर. मी विचारलं, "ही इथं कशी वं?" कांता म्हणाली, "तुह्या सुनेनंच देल्ली. म्हणे, घरात ठेवत नाई." बघ मेघे. घरची बरणी शेजारी, आणि आमच्या ताटात दुधी. दुधी मला, दुधी अंकुशला, दुधी तिला स्वतःलासुद्धा. तिला तिखट नको म्हणून आम्ही सगळ्यांनी आजारी माणसाचं खायचं, हा कुठला न्याय?

हे लिहिताना तिनं पेन झटकला. फक्त पेनाची शाई संपली म्हणाली.

१८ डिसेंबर, गुरुवार

शेवटचा गुरुवार. सकाळी बरं होतं, दुपारी जळलं. खाल्लं काय तर पूजा होईपर्यंत काहीच नाही. म्हणजे उपाशी पोटानं जळलं. आता यावर डॉक्टरीणबाई काय सांगणार?

भावना, पुढचं लिहू नको. हे आपलं दोघींत.

पूजेला खाली बसायचं होतं. गुडघे वाकत नाहीत हे तुला माहीत आहे. कांताकडे लाल गोळी असते, स्टँडवरच्या मेडिकलमधली. ती घेतली की अर्ध्या तासात गुडघा पोरीचा होतो. आठवड्यातून चारदा तरी घेते, तीन वर्षं झाली. रोडग्याच्या दिवशी तर दोन घेते, नाहीतर कढईपाशी सहा तास कोण उभं राहील? आणि ती उपाशीपोटीच घ्यावी लागते, कारण भाजी करणारीनं नैवेद्य होईपर्यंत पाणी सोडून काही घ्यायचं नाही. बारशाच्या दिवशीही घेतली होती.

"लिवून तर नाई राह्यली?"

"नाई आई."

"मंग पेन काऊन हालून राह्यला?"

"पेन चालते का पाहून राह्यली."

बरं. अंकुशला सांगू नको, डॉक्टरणीला तर मुळीच नको. ती लाल गोळी बंद करेल आणि मग मला कढईपर्यंत पालखीतून न्यावं लागेल.

२६ डिसेंबर, शुक्रवार

हे मी सांगते आहे आणि भावना मान खाली घालून लिहिते आहे. तिला आज दोन गोष्टी ऐकवायच्या आहेत, आणि तिच्याच हातानं कागदावर उतरवून घ्यायच्या आहेत.

आज हिंगणघाटला दाखवायचं होतं. डॉक्टरीणबाईनं वही मागितली. मी मोठ्या तोऱ्यात दिली. ती वाचत गेली, मध्ये हसली, मांजरीपाशी बहुतेक. मग एका पानावर थांबली आणि मोठ्यानं वाचू लागली. "कांताकडे लाल गोळी असते, स्टँडवरच्या मेडिकलमधली."

मेघे, मला वाटलं भिंत बोलते आहे.

तिनं शेवटपर्यंत वाचलं. "पेन चालते का पाहून राह्यली," इथपर्यंत. स्वतःच्या खोटेपणासकट सगळं लिहून ठेवलं होतं बयेनं. मला अक्षर येत नाही, म्हणून माझंच बोलणं माझ्या पाठीमागं कागदावर जाऊन बसलं आणि मला पत्ता नाही. आंधळ्याच्या ताटातली पोळी उचलावी तसं हे.

डॉक्टरीणबाई रागावली नाही, याचाच राग आला. शीच्या रंगापर्यंत चौकशी केली. काळी होते का म्हणे. नाही होत म्हटलं, दहा माणसांत विचारते आहेस तेवढं पुरे. ती म्हणाली, "आजी, उपाशीपोटी लाल गोळी म्हणजे पोट आतून सोलणं. आग तिनं लावली आणि पोटाच्या गोळीनं झाकली. लाल चालू ठेवून पोटाची गोळी तुम्ही बंद केली होती, यात पोटात रक्त होऊ शकलं असतं. वहीत हे नसतं, तर मला कळलं नसतं." लाल गोळी आजपासून बंद. गुडघ्याला शेक, तेल आणि दुसरी साधी गोळी, ती जेवून, तीही लागली तरच. पोटाची गोळी आणखी पंधरा दिवस एक दिवसाआड.

बसमध्ये मी भावनेशी बोलले नाही. तिनं संत्रं सोलून दिलं, मग स्वतःच म्हणाली, "नाई, संत्रं नको, आंबट आहे," आणि परत पिशवीत ठेवलं. सोललेलं.

उद्यापासून वही अंकुश लिहील.

२८ डिसेंबर, रविवार

आईने भाकर, मुगाची डाळ, ताक घेतले. जळले नाही. गुडघे दुखतात. आई खूप बोलली. ता. क. आई म्हणते सगळं लिही. सगळं लिहिले.
– अंकुश

२ जानेवारी, शुक्रवार

भावना परत आली आहे. म्हणजे कुठं गेली नव्हती, पेनापाशी परत आली आहे. अंकुशनं माझ्या दीड तासाच्या बोलण्याच्या पाच ओळी केल्या. असा माणूस जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधतो हे बरोबरच आहे, दाबून दाबून लहान करणं हाच त्याचा धंदा.

तिला बोलावण्याचं कारण माफी नाही, हे लिही. कारण असं की सात दिवस लाल गोळी नाही आणि सात दिवस जळलंही नाही. ताक तेच, बडीशेप तीच. मग महिनाभर ती दोघं काय करत होती? मी ताकाला विचारू शकत नाही, म्हणून भावनेला विचारलं.

"खाटेखाली काय आहे?"

"विटा, आई. दोन-दोन."

"कोनं ठेवल्या?"

"मी अन् यायनं, स्वीटीच्या बाबानं. तुमी देवळात गेल्या होत्या तवा."

"अन् ठेचा?"

"घरात असला तर तुमी खाल. तुमाले लपून खाता येत नाई, ठसका लागते." मग थोड्या वेळानं म्हणाली, "अन् मलेही राह्यवलं नसतं."

मी विषय बदलला. गुडघ्यांबद्दल बोलले. ते खरंच फार दुखतात मेघे, सकाळी उठताना भिंतीला विनवण्या कराव्या लागतात. ती रोज तिळाचं तेल कोमट करून चोळते. मी म्हणते हात जड आहे तुझा. ती म्हणते बरं, आणि तेवढ्याच जड हातानं चोळते.

१० जानेवारी, शनिवार

वासुदेवराव आले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, भिंत न धरता. त्यांनी टोपी काढली नाही. म्हटलं, चला.

"जळजळ?"

"पंधरा दिवस नाई."

"अन् सहा तास उभं राहानं?"

आता खोटं बोलणार होते. पण ती वही घेऊन दारात उभी. या घरात खोटं बोलायची सोय राहिली नाही. मी म्हटलं, "अर्धा तास राह्यते. जास्त नाई."

ते टोपीला हात लावणार तोच भावना मध्ये बोलली. चौदा वर्षांत ती माझ्या आणि वासुदेवरावांच्या मध्ये कधी बोलली नव्हती.

"काकाजी, कढईपाशी मी उभी राह्यते. उपास मी धरते. आई खाऊनपिऊन खुर्चीवर बसतीन."

"अन् मी काय करू तिथं?" मी म्हटलं. "भजन?"

"तुमी वास घ्या."

वासुदेवराव माझ्याकडे पाहू लागले. नैवेद्य आधी चाखायचा नसतो, तिखट-मीठ जिभेवर पाहता येत नाही, हे गावाला माहीत आहे. पण मग एकतीस वर्षं मीठ कसं बरोबर पडतं, हे कोणी विचारलं नव्हतं. मी सगळं वासावर करते. खोबरं कधी काढायचं, तिखट कधी टाकायचं, वांगं कधी शिजलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. भावनेनं कधी पाहून ठेवलं देवाला ठाऊक. तिच्यासमोर श्वास घ्यायचीसुद्धा चोरी.

ते म्हणाले, "जमते मंग." आणि गेले. आचारी नाही.

मी संध्याकाळी जेवले नाही. म्हणजे जेवले, साडेसहाला, पण बोलले नाही. एकतीस वर्षं हातात असलेला झारा दुसरीच्या हातात जाणार आणि मी खुर्चीत बसून पाहणार, पाहुण्या विहिणीसारखी. त्यापेक्षा आचारी बरा होता, त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

१८ जानेवारी, रविवार

काल झालं. आज सांगते, कारण काल भावनेला पेन धरायचं त्राण नव्हतं.

सकाळी तिनं मला दुधात भाकर कुस्करून दिली. मारुतीच्या दिवशी, नैवेद्याआधी, आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. ती समोर बसून राहिली, स्वतः कोरडी. म्हणाली, "देव पाह्यते ना आई, उपास या घरातलाच आहे."

शिवारात खुर्ची वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडायला लावली, म्हणजे धूर आणि वास माझ्याकडं येईल. लोकांना वाटलं म्हातारी ऊन खाते आहे. तेल तापलं. धने पडले, खसखस पडली, खोबरं पडलं. मी डोळे मिटले. खोबऱ्याचा वास आधी ओला येतो, मग गोड, मग एक क्षण भाजल्या शेंगदाण्यासारखा. त्याच्या पुढं गेलं की संपलं. मी म्हटलं, "आता." तिचा हात तिखटाच्या परातीत होताच. पुन्हा "आता," मीठ. वांगी पडली. पाऊण तासानं हिरवट वास गेला, तेल वर आल्याचा वास आला. "आता," मी म्हटलं, तेव्हा तिनं झाकण आधीच उचललेलं होतं.

माझ्या 'आता'च्या आधी, मेघे. मी पाहिलं.

पंगत बसली. वासुदेवराव रोडगा कुस्करून, वर तूप सोडून, बोटं चाटत म्हणाले, "वैनी, तेच टेस्ट. काही फरक नाई." सगळे तेच म्हणत होते. आटाचक्कीवाला तर म्हणाला, यंदा जास्तच जमली. हजार माणसं जेवली आणि एकालाही वाटलं नाही की यंदा काहीतरी कमी आहे. एकतीस वर्षं मी उपाशी उभी राहिले, या लोकांसाठी. इतका राग मला त्या कागदावरही आला नव्हता.

मी रोडगा खाल्ला, भाजी फक्त दोन घास, तेही डाळीत कालवून. जळलं नाही. रात्रभर नाही. डॉक्टरीणबाईच्या सांगण्यावरून पोटाची गोळी आता तीन दिवसांतून एक आहे, महिन्याभरानं तीही जाईल म्हणते.

आता एक गोष्ट सांगते. भावना, ही लिही म्हटलेली आहे, तेव्हा तरी नीट लिही.

मेघे, सहा वर्षांपूर्वी त्या डॉक्टरकडे आपण गेलो होतो, तेव्हा तू छत्री शोधायला बाहेर गेलीस. तेवढ्यात डॉक्टर मला तोंडी म्हणाला होता, "आजी, दोन महिनेच घ्यायची बरं का." मी मान हलवली होती. दोन महिने संपले तेव्हा लोणच्याचे दिवस होते. गोळी घेतली की लोणचं पचत होतं, ठेचा पचत होता, साडेनऊचं जेवण पचत होतं. अंकुश पट्टी आणत होता, मी खात होते. कागद डब्याच्या तळाशी मीच घातला होता, बाकीच्यांच्या खाली. मला वाचता येत नाही, पण ऐकू चांगलं येतं. विसरभोळेपणात तू माझ्यावर गेली आहेस एवढंच. फक्त मी सोयीचं विसरते, तू छत्र्या विसरतेस.

तरीही तुम्ही कोणी तो वाचायला हवा होता. तो राग मी सोडलेला नाही.

तुझे तिन्ही डबे अंकुशच्या हातून धाडते आहे. एकात जवसाची चटणी, एकात रोडगे, एकात ही वही. वही परत धाड, विसरू नको, तीन दिवसांतून एकचा हिशेब पुढं लिहायचा आहे.

आणि डबे परत येतील तेव्हा रिकामे नकोत. माझ्यासाठी काही भरू नकोस. तुझ्या सासूबाई लाल मिरच्यांचं भरलं लोणचं घालतात ना, मोहरीच्या तेलातलं, ज्याचा वास नाकातून डोक्यात जातो, ते भर, काठोकाठ. ते भावनेसाठी. दीड महिना दुधी खाते आहे बाई, आणि आज मी विचारलं तेव्हा कळलं, तिला दुधी लहानपणापासून आवडत नाही. हे ती लिहिणार नाही असं मला वाटतं, म्हणून कांताला बोलावून पान वाचून घेणार आहे. लोणचं पाठव. डबा मात्र माझ्यासमोर उघडायचा. मी नुसता वास घेईन.